डूम्सडे एंडगेमला मागे टाकेल का? थिएटरच्या बाजूने बघितलं तर

विचारलंय ते थोडक्यात असं. १८ डिसेंबर २०२६ ला येणारा 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' हा मार्वलच्याच २०१९ च्या 'एंडगेम'चा जगभरच्या कमाईचा रेकॉर्ड मोडणार का? प्रश्नकर्ते ज्या फॅन ग्रुपमध्ये आहेत तिथे ३०० कोटी डॉलरच्या खाली कोणी बोलायलाच तयार नाही, आधी आयर्न मॅन असलेला रॉबर्ट डाउनी परत आलाय आणि तोही खलनायक डॉक्टर डूम म्हणून, कॅप्टन अमेरिकावाला ख्रिस इव्हान्स परत आलाय, जुने एक्स-मेन आहेत, लोक टीझरची एकेक फ्रेम थांबवून थिअऱ्या काढतायत, आणि एवढं असूनही त्यांचा एक मित्र दीडशे कोटी डॉलरवरच अडून बसलाय, तर तो मित्र वेडा आहे का? शिवाय त्याच दिवशी 'ड्यून'चा तिसरा भाग आहे, त्याने काही फरक पडतो का?

मित्र वेडा नाहीये. पण तो बरोबर आहे असंही मी म्हणत नाही, कारण यात बऱ्याच गोष्टी अजून ठरायच्या आहेत.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या खिडकीतून बघतोय ते कळेल. मी थिएटर प्रोग्रॅमिंगमध्ये आहे, म्हणजे कुठल्या स्क्रीनला कुठला सिनेमा, किती शो, कुठल्या वेळेला, हे ठरवण्याचं काम. त्याआधी डिस्ट्रिब्युशनमध्ये होतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला वितरकांची ऑफिसं असलेल्या नाझ बिल्डिंगच्या पायऱ्या चढण्यात उमेदीची वर्षं गेली. मल्टिव्हर्समध्ये कोण कुठल्या दुनियेतला हे मला विचारू नका, माझा भाचा सांगतो तेवढंच कळतं. पण शुक्रवारी सकाळच्या शोला कोण येतं आणि पुढच्या बुधवारी संध्याकाळी कोण येतं हे बऱ्यापैकी कळतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या बुधवारच्या माणसात आहे.

वरातीत नाचणारे वेगळे आणि पंगतीला बसणारे वेगळे. फॅन ग्रुप म्हणजे वरात. आवाज त्यांचाच, उत्साह त्यांचाच, आणि त्यांच्याशिवाय मजाही नाही, पण जेवणावळीचा हिशोब वरातीवरून केला की आचारी तोंडघशी पडतो. तुमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण पहिल्या वीकेंडला येणार, काही जण दोनदा येणार, हे मी धरूनच चालतो. प्रश्न आहे तो ज्याला डूम कोण ते माहीत नाही, ज्याने 'एंडगेम'नंतर मार्वलचा एकही सिनेमा थिएटरात बघितला नाही, त्याचा.

आता हे आकड्यात कसं दिसतं ते बघू. आमच्याकडे मल्टिप्लायर म्हणतात, म्हणजे पहिल्या वीकेंडच्या किती पट शेवटी धंदा झाला. अमेरिकेतले आकडे घेतो कारण ते स्वच्छ मिळतात. 'एंडगेम' ३५.७ कोटी डॉलरने उघडला आणि ८५.८ वर थांबला, म्हणजे २.४ पट. 'ब्लॅक पँथर' २०.२ ने उघडला आणि ७० कोटीवर गेला, जवळपास साडेतीन पट. आणि २०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' १६.६ ने उघडला आणि ३३ वर संपला, दोन पटसुद्धा नाही. फॅन लोकांच्या चर्चेचा जोर बघितला तर बॅटमॅन-सुपरमॅन एका फ्रेममध्ये येणार याच्याइतकं मोठं त्या वेळी काय होतं? काहीच नाही. वीकेंड तसाच झाला, दणकून. दुसऱ्या वीकेंडला ६९ टक्के पडला.

म्हणजे थिअऱ्या, लीक, कॅमिओ, हे सगळं पहिल्या आकड्यात मोजलं जातं. दुसरा आकडा सिनेमा बघून बाहेर पडलेला माणूस घरी जाऊन काय सांगतो त्यावर ठरतो, आणि त्याच्याबद्दल आज डिसेंबरच्या आधी कोणीही ठामपणे बोलत असेल तर तो ज्योतिषी आहे.

'डॉक्टर स्ट्रेंज'चा दुसरा भाग आठवा, मे २०२२. त्या वेळी सगळीकडे एकच, आत कोण कोण दिसणार. जुन्या एक्स-मेनमधल्या पॅट्रिक स्ट्युअर्टचा आवाज ट्रेलरमध्ये ऐकला म्हणून किती लोकांनी किती काय लिहिलं. १८.७ कोटी डॉलरचा वीकेंड, मस्त. शेवट ४१.१ वर, म्हणजे २.२ पट, दुसऱ्या वीकेंडला ६७ टक्के घसरण. आणि त्याच्या पाच महिने आधी 'स्पायडर-मॅन: नो वे होम', तिथेही चर्चा हीच, आत कोण कोण दिसणार. तो २६ कोटीने उघडून ८० कोटीच्या वर गेला, तीन पटीहून जास्त. दोन्हीकडे सरप्राइज होतं, मग फरक कशाचा?

माझं मत सांगतो. 'नो वे होम'मधल्या सरप्राइजसाठी पुस्तकं वाचावी लागत नव्हती. टोबी मॅग्वायरचा २००२ चा स्पायडर-मॅन वर्षानुवर्षं टीव्हीवर हिंदीत लागतोय, आज पस्तीस-चाळिशीत असलेला माणूस त्याच्यावर वाढलाय, आणि तो स्वतःच्या पोराला घेऊन आला. पाहिजे तर म्हणा एका तिकिटावर दोन पिढ्या. त्या ट्रेलरची ब्राझीलमधली आवृत्ती आली तेव्हा त्यात लिझर्ड नावाच्या खलनायकाच्या तोंडावर ठोसा बसतो पण मारणारा कोणी दिसतच नाही, लोकांनी तो एक सेकंद पकडून सांगितलं की इथून कोणालातरी पुसलंय. मधल्या काळातला स्पायडर-मॅन अँड्र्यू गारफिल्ड मुलाखतीत नाही नाही म्हणत राहिला आणि लोक हसत राहिले. ही खरी मजेदार सट्टेबाजी, कारण यात घरातली आईसुद्धा भाग घेऊ शकते. उलट त्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मधल्या इलुमिनाटी नावाच्या गटात अमुक अभिनेता दिसला यावर टाळी वाजवायला आधी बराच अभ्यास लागतो, थिएटरात दहा जण ओरडतात आणि बाकीचे एकमेकांकडे बघतात.

आणि जुनी ओळख असली की झालं असंही नाही हं. २०२३ च्या 'द फ्लॅश'मध्ये मायकेल कीटन बॅटमॅन म्हणून परत आला, ट्रेलरमध्येच दाखवला, फॅन मंडळी खूश, आणि जगभरात मिळून सिनेमा २७ कोटी डॉलरच्या आसपास. कारण बऱ्याच प्रेक्षकांसाठी तो बॅटमॅन म्हणजे आजोबांच्या काळातला.

ट्रेलरच्या व्ह्यूजचं तर सोडूनच द्या. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'च्या टीझरला एका दिवसात ३६.५ कोटी व्ह्यूज सांगितले गेले आणि सिनेमा १३३ कोटी डॉलरवर गेला, इथपर्यंत ठीक. मग त्याच वर्षी 'जोकर'च्या दुसऱ्या भागाच्या ट्रेलरला १६.७ कोटी व्ह्यूज. पहिला 'जोकर' १०७ कोटी डॉलर कमावून बसलेला, सगळे म्हणाले हा पण जाणार. अमेरिकेत वीकेंड झाला ३.७७ कोटींचा आणि पूर्ण जगात गाडी २० कोटींच्या आसपास थांबली. व्ह्यू म्हणजे कुतूहल. कुतूहलाला अडीचशे रुपये पडत नाहीत, पार्किंग लागत नाही, पॉपकॉर्न लागत नाही.

आता मूळ रेकॉर्ड. 'एंडगेम'चे जगभरचे २८० कोटी डॉलर तोडून बघा, मगच कळतं की किती उंच भिंत आहे ती. अमेरिका-कॅनडा ८५.८. चीन एकटा ६० कोटींच्या वर. उरलेले साधारण १३० बाकी सगळ्या जगाचे, आपण धरून. आता समजा डूम्सडेने अमेरिकेत 'एंडगेम'शी बरोबरी केली. चीनमध्ये किती धरायचे? 'नो वे होम' तिथे लागलाच नाही, 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने तिथे ६ कोटींच्या आसपास केले. तिथे हॉलिवूड संपलंय असं लगेच म्हणू नका, 'झूटोपिया'च्या दुसऱ्या भागाने २०२५ च्या शेवटी तिथेच ५० कोटी डॉलर ओलांडले, पण सुपरहिरोंची तिथली क्रेझ ओसरलीय हे नक्की. मोठ्या मनाने १५ धरू. तर बाकी जगाला १३० च्या जागी १८० द्यावे लागतात. म्हणजे ३५ टक्क्यांच्या वर वाढ, तीही डॉलर महाग झालेला असताना. तुमच्या ग्रुपला हे गणित कागदावर मांडून दाखवा आणि विचारा की कुठल्या देशातून आणणार ते.

एक गंमत म्हणजे चीनचा खड्डा रेकॉर्डला जेवढा लागतो तेवढा स्टुडिओच्या खिशाला लागत नाही, कारण तिथल्या तिकिटातला साधारण पाव हिस्साच त्यांच्या हाती येतो, अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास किंवा जास्त. म्हणून २०० कोटीचा सिनेमा सुद्धा डिस्नेला फार आनंदात ठेवू शकतो आणि फॅन लोक मात्र फ्लॉप फ्लॉप म्हणून रडत बसतील.

आणि २०१९ नंतर जे झालं ते नजरेआड करता येत नाही. 'कॅप्टन मार्व्हल' ११३ कोटी, त्याचाच पुढचा भाग 'द मार्व्हल्स' २०२३ मध्ये २०.६. मग २०२५ मध्ये मार्वलचे तीन आले, 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ४१.५, 'थंडरबोल्ट्स' ३८.२, 'फँटॅस्टिक फोर' ५२.१ च्या आसपास. तिघांची बेरीज केली तरी एकट्या डेडपूलच्या मागे राहते. यातला 'थंडरबोल्ट्स' मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण लोकांना तो आवडला होता, बघून आलेला प्रत्येक जण चांगलंच बोलत होता, पण बघायला आलेच कमी. म्हणजे नुसतं वर्ड ऑफ माउथ, बघून आलेल्यांचं तोंडी सांगणं, चांगलं असूनही भागत नाही, सांगणारेच मुळात थोडे असतील तर ते पसरणार किती?

याला लोक फटीग, म्हणजे सुपरहिरोंचा थकवा, म्हणतात. मला हा शब्द आळशी वाटतो. डेडपूलला फटीग नव्हता. लोक थकले ते गृहपाठाला, की आधी ही सीरिज बघा मग तो सिनेमा बघा मग हा कळेल. डूम्सडेची खरी परीक्षा इथे आहे, कारण २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी नावं लिहिलेल्या खुर्च्या दाखवत दाखवत जी कलाकारांची यादी जाहीर केली ती २७ जणांची. एवढ्या लोकांना ओळखायला किती जुनं बघावं लागणार? टीझरची सुरुवात त्यांनी स्टीव्ह रॉजर्सपासून, म्हणजे इव्हान्सच्या कॅप्टन अमेरिकापासून केली ती मला शहाणपणाची वाटली, म्हणजे त्यांनाही हे कळलंय की जुना प्रेक्षक परत बोलवायचा तर ओळखीचा चेहरा दारात उभा करा.

आता आपल्याकडचं, कारण इथे मी जास्त खात्रीने बोलू शकतो.

'एंडगेम' भारतात पहिल्या दिवशी ५३ कोटी नेट, एकूण साडेतीनशे कोटींच्या वर. (नेट म्हणजे जीएसटी वजा जाता. ३०० रुपयाच्या तिकिटात मूळ किमतीवर लावलेला १८ टक्के टॅक्स, म्हणजे ४६ रुपये, गेला की २५४ उरतात, ते नेट. फॅन पेजवर एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट शेजारी ठेवून भांडणं चाललेली असतात, त्याला काही अर्थ नाही.) पण तारीख बघा, २६ एप्रिल २०१९. परीक्षा संपलेल्या, शाळांना सुट्टी. पुढचा सोमवार २९ एप्रिल, मुंबई, ठाणे, नाशिक, मावळ इकडे लोकसभेचं मतदान, म्हणजे सुट्टी. बुधवार १ मे, महाराष्ट्र दिन, परत सुट्टी. आमच्या धंद्यात सोमवारची परीक्षा असते, सोमवारी शुक्रवारच्या किती टक्के टिकतो ते बघायचं, आणि त्या आठवड्यात आमच्या सर्किटमध्ये, म्हणजे आमच्या वितरणाच्या भागात, सोमवार हा सोमवार नव्हताच. लोक मत देऊन बोटाची शाई दाखवत थेट मॅटिनीला आले. असा आठवडा सांगून मिळत नाही.

डिसेंबरचं वेगळं. इथे नाताळची सुट्टी छोटी आणि सगळ्या शाळांना सारखी नाही, कॉन्व्हेंटला आठवडाभर, बाकीच्यांना एकदोन दिवस. अमेरिकेत मात्र डिसेंबरचा फायदा, वीकेंड थोडा लहान उघडतो पण मधले वार सुट्टीचे असल्याने सिनेमा लांब धावतो. 'नो वे होम'चा २६ कोटींचा वीकेंड हा तिथला डिसेंबरमधला सगळ्यात मोठा. डूम्सडेने तेवढाच केला आणि तीन पट चालला तरी ७८ होतात, म्हणजे 'एंडगेम'च्या जवळ, पण वाट वेगळी. त्यामुळे पहिला वीकेंड 'एंडगेम'पेक्षा कमी झाला म्हणून लगेच गळे काढू नका आणि दुसऱ्याचे काढू देऊ नका.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. 'नो वे होम' आला तेव्हा महाराष्ट्रात थिएटरं ५० टक्के क्षमतेनेच चालत होती, एक सोडून एक खुर्ची. तरी देशात दोनशे कोटींच्या वर नेट गेला. आणि दुसऱ्याच दिवशी 'पुष्पा' लागला होता. त्याचं हिंदी व्हर्जन पहिल्या दिवशी तीन कोटींच्या आसपास, कोणी खिजगणतीत धरलेलं नव्हतं, आणि तो हळूहळू शंभरीच्या पार गेला. आम्ही त्या आठवड्यांत स्पायडर-मॅनचे शो काढून पुष्पाला देत होतो, आणि ही मागणी लहान शहरांतून आधी आली. म्हणून क्लॅशमध्ये नावाने मोठा कोण यावर मी फारसं जात नाही, दुसऱ्या आठवड्यात कोणाला शो वाढवून मागतायत ते बघतो.

मग 'ड्यून'चं काय? आपल्याकडे साध्या स्क्रीनवर त्याचा धोका जवळपास नाही, त्याचा प्रेक्षक शहरी आणि इंग्रजी. 'ड्यून'चा दुसरा भाग जगभरात ७१ कोटी डॉलर केलेला, लहान नाही, पण दोघांचं गिऱ्हाईक पूर्ण एक नाहीये. खरी मारामारी आयमॅक्सची, म्हणजे त्या खास मोठ्या पडद्यांची. तिसरा 'ड्यून' काही भाग आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित झालाय आणि सुरुवातीचे आठवडे आयमॅक्सचे पडदे त्याच्याकडे, असं ठरल्याच्या बातम्या आहेत. आपल्या देशात आयमॅक्स मोजकेच, पण तिकीट सगळ्यात महाग तिथलंच आणि फॅन मंडळी आधी धावतात तीही तिथेच, चर्चगेटच्या इरॉसला पहिल्या दिवशीचं तिकीट मिळालं म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे तुमच्याच ग्रुपमध्ये असतील. आयमॅक्सचे पडदे हातचे गेले म्हणजे लोक येणार नाहीत असं नाही, ते दुसऱ्या पडद्यावर बघतील, फक्त डोई पैसे कमी येतील आणि पहिल्या दिवसाचा भारी आकडा थोडा खाली येईल. आणि त्या दोघांच्या मध्ये एखादा मराठी सिनेमा अडकला तर त्याच्या निर्मात्याचे फोन मला येणार, प्राइम टाइम कुठाय म्हणून, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नसतं.

कॅमिओच्या लीकपेक्षा मला दोन गोष्टी आधी कळल्या तर मी जास्त खूश. एक, लांबी. 'एंडगेम' १८१ मिनिटांचा होता, त्यात आपलं इंटरव्हल, जाहिराती, मधे झाडलोट, म्हणजे एका शोला पावणेचार तास धरा, एका स्क्रीनवर सकाळी आठपासून चार-पाच शोच बसतात, म्हणूनच तेव्हा रात्रभर शो लावायची वेळ आली होती. दोन, सर्टिफिकेट. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ला आपल्याकडे ए मिळालं, म्हणजे दहा वर्षांचा पोरगा आणि त्याच्यामुळे येणारे आईबाप, तिन्ही तिकिटं गेली. डूम्सडेला ए मिळेल असं वाटत नाही, आणि तो त्याचा मोठा फायदा.

अ‍ॅडव्हान्स बुकिंग उघडलं की काय बघायचं हेही सांगून ठेवतो, कारण तुम्ही घरबसल्या तिकिटाच्या अ‍ॅपवर हे करू शकता. गुरुवार-शुक्रवारचे पहाटेचे शो भरलेले दिसणारच, ते बघून काही कळत नाही. तुम्ही रविवारचा दुपारी बारा ते चारमधला, हिंदी व्हर्जनचा, उपनगरातला किंवा जळगाव-सोलापूरसारख्या ठिकाणचा शो उघडा. सीटचा नकाशा बघा. मधल्या रांगेत एकेक, दोन-दोन सीट बुक झालेल्या असतील तर ते फॅन. चार-चार, पाच-पाच सलग सीट जात असतील तर घरं येतायत. रिलीजच्या तीन दिवस आधी असे सलग ठिपके दिसायला लागले की मी आमच्या ऑफिसात शो वाढवायचा आग्रह धरतो, मग ट्रेलरला किती व्ह्यूज आहेत याच्याशी मला देणंघेणं नसतं.

तर माझा पट्टा म्हणाल तर जगभरात १५० ते २०० कोटी डॉलर, सिनेमा चांगला असला तर वरच्या टोकाला, खरंच लोकांच्या काळजाला भिडला तर त्याच्याही पुढे. 'एंडगेम'च्या पुढे जाण्याची शक्यता मी शून्य म्हणत नाही पण तिच्यावर माझे पैसे लावणार नाही. भारतात कोटींमध्ये 'एंडगेम'ला गाठणं त्यापेक्षा जास्त शक्य आहे कारण तिकिटं तेव्हापेक्षा महाग आहेत, फक्त ते डॉलरमध्ये बारीक दिसेल, तेव्हा डॉलर सत्तरच्या आसपास होता आणि आता नव्वदीला भिडलाय.

आणि डिसेंबरपर्यंत थांबायचीही गरज नाही. ३१ जुलैला 'स्पायडर-मॅन: ब्रँड न्यू डे' येतोय, त्याच्या दोनच आठवडे आधी नोलनचा 'ओडिसी', दोन्हीत टॉम हॉलंड आणि तिथेही आयमॅक्सची ओढाताण आहेच. स्पायडर-मॅनला आपल्याकडे घरं येतात, कायम येतात. त्याचा दुसरा आठवडा बघा. तोही जर नुसत्या पहिल्या वीकेंडवर संपला तर मी माझा पट्टा खाली आणीन, आणि १५ ऑगस्टच्या शनिवारी, सगळे नवीन सिनेमे आलेले असताना, त्याचे दुपारचे हिंदी शो भरत असतील तर मी तुमच्या ग्रुपच्या बाजूला दोन पावलं सरकेन.